सेवकाचीं मूल्यें आणि सेवेचा धर्म

सज्जन मनुष्य आपोआप चांगला समाजसेवक होतो, अशी आपल्या सुशिक्षित वर्गाची समजूत आहे. ज्याच्या अंगीं स्वच्छता, नियमितपणा, विद्येची आवड व परोपकारबुद्धि आहे, त्याला सेवेचें निराळें नीतिशास्त्र शिकण्याचें प्रयोजन काय, असें पुष्कळांस वाटतें. ही समजूत कितपत खरी, याचा विचार हल्लींच्या पालघर जिल्ह्याच्या मुलखांतील दोन उदाहरणांवरून करतां येईल.

ताराबाई मोडक यांनीं 1945 सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. शाळेची वेळ, इमारत व शिस्त यांवर कोणाही शिक्षकाची श्रद्धा असावयाचीच. परंतु वस्तीवरचीं मुलें बालवाडींत येईनात. अशा वेळीं पालकांना अडाणी ठरवून मोकळें होणें सोपें होतें. या दोघींनीं तें केलें नाहीं. त्यांनीं बालवाडीच मुलांच्या अंगणांत नेली; तीच अंगणवाडी. थोरलीं मुलें गुरें राखावयास जात, म्हणून शाळा कुरणावर नेली, तीच कुरणशाळा. मुलाला विद्या मिळाली पाहिजे, हें मूल्य त्यांनीं सोडलें नाहीं. ती कोठें व केव्हां द्यावी, याविषयींचा आग्रह मात्र सोडला.

एवढ्यावरून, ज्यांची सेवा करावयाची त्यांच्या परिस्थितीपुढें नेहमीं मान तुकवावी, असा नियम कोणी काढील तर तो फसेल. त्याच 1945 सालीं गोदावरी व शामराव परुळेकर याच भागांत वारल्यांमध्यें किसान सभेचें काम करीत होते. लग्नासाठीं सावकाराकडून कर्ज काढावें व त्यापायीं नवराबायकोनें त्याच्याकडे राबत रहावें, ही लग्नगड्याची चाल तेथें होती. जमीनदाराची वेठ तर नित्याचीच. ‘इकडे असेंच चालतें’ म्हणून गप्प बसणारा सेवक येथें सहिष्णु नव्हे, अन्यायाचा भागीदार ठरला असता. वारल्यांनीं वेठ नाकारली. त्या वर्षीं 10 ऑक्टोबरला तलवाड्यास झालेल्या गोळीबारांत पांच जण प्राणांस मुकले.

मग सेवकानें वांकावें कोठें आणि ताठ रहावें कोठें? आमच्या मतें कसोटी एकच: हें मूल्य कोणाचें रक्षण करतें? जें माझ्या संवयीचें रक्षण करतें, तें सोडावें. जें समोरच्याच्या माणुसकीचें रक्षण करतें, तें धरावें. आणि या निवाड्यांत सेवकानें एकट्यानेंच न्यायाधीश होऊं नये. ज्याच्यासाठीं सेवा आहे, त्याची साक्ष प्रथम घ्यावी.

बोईसर-तारापूरच्या बाजूस आज कारखान्यांची वसाहत आहे, 1969 पासून अणुवीज केंद्र आहे, आणि सेवाही पुष्कळदां पगारी झाली आहे. तेथें ही परीक्षा अधिक बिकट होते. ज्याच्या पैशानें सेवकाचा पगार होतो, त्याच्याविरुद्धच एखाद्या कोळ्याची तक्रार असली, तर त्यानें कोणाचें ऐकावें? पगाराशीं प्रामाणिक राहणें हेंही मूल्यच आहे, आणि घरीं चूल पेटवावयाची असते हें कोणीं विसरूं नये. तरीही तक्रार दडपून मिळविलेला प्रामाणिकपणा हा सेवेचा नव्हे, चाकरीचा होय. सज्जनपणा घरून आणतां येतो. सेवेचा धर्म मात्र ज्याच्या दारीं जावें, त्याच्याचकडून शिकावा लागतो.