देव सोडले, ग्रह सोडले काय?

नवदीक्षित बंधूंनो आणि भगिनींनो,

आपण देव्हारा रिकामा केला. खंडोबाचे आणि मरीआईचे टाक नदीत सोडले. उभे राहून बावीस प्रतिज्ञा घेतल्या. पण घरातली भीती त्या टाकांबरोबर वाहून गेली काय? हा प्रश्न मी आज तुम्हांला विचारतो आहे. तो विचारण्याचा मला कितपत अधिकार आहे, तेही पुढे सांगणार आहे.

आकाश पाहण्याचा छंद असलेली काही मंडळी आपल्याकडे वर्षानुवर्षे लोकांना आकाश दाखवीत आली आहेत. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली. मुंबईचे खगोल मंडळ कर्जत मार्गावरील वांगणी येथे रात्रभराचे आकाशदर्शन घेत आले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आमच्या विहारातील काही कुटुंबांना घेऊन मी अशाच एका आकाशदर्शनाला गेलो होतो. माळावर दुर्बीण मांडलेली, आणि तिच्यापुढे रांग. जो आधी आला तो आधी पाहणार. कोणी कोणाचे आडनाव विचारले नाही.

पश्चिमेला शनी होता. आमच्याबरोबर एक वृद्ध माता होत्या. धम्मदीक्षा घेऊन त्यांना चार वर्षे झाली होती. त्यांनी डोळा लावला. पिवळसर गोळा आणि त्याभोवती नाजूक कडे. बराच वेळ त्या हलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "हाच का तो शनी? आन् ह्याच्यापायी मी दर शनवारी तेल वाहत व्हते! दीक्षा घेतल्यावरबी चोरून वाहिलं, गुरुजी."

बंधूंनो, त्या मातेला हसू नका. त्यांनी निदान कबूल केले. आपल्यापैकी किती जण कबूल करतील?

साडेसातीचा हिशेब अगदी साधा आहे. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. राशी बारा. म्हणजे एका राशीत अंदाजे अडीच वर्षे आणि तीन राशींत साडेसात. बारांपैकी तीन राशींना साडेसाती कोणत्याही दिवशी असायचीच. मालक आणि मजूर यांची रास एक असेल, तर साडेसाती दोघांनाही लागते. मग उपाशी झोपतो तो मजूरच का? दुःखाचे कारण एकदा आकाशात शोधले की जमिनीवरचा अपराधी सुटतो. आपल्या वाडवडिलांना हेच शिकवले गेले होते. तुमचे हाल माणसांनी केलेले नाहीत, ते तुमच्या जन्मातच लिहिलेले आहेत, असे त्यांना सांगितले गेले. तो लेख आपण फाडला. मग जन्मपत्रिका का जपून ठेवायची?

कोणी म्हणेल, "कडे दिसले म्हणून फलज्योतिष खोटे कसे ठरते?" शंका रास्त आहे. नुसते पाहणे पुरेसे नाही, पारखावेही लागते. तशी पारख पुण्यात झाली आहे. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका जमवल्या. कोणती पत्रिका कोणत्या मुलाची, ते ओळखायचे होते. सत्तावीस ज्योतिष्यांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून उत्तरे दिली. २००९ साली निकाल प्रसिद्ध झाला. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी पन्नासच्या आसपास आली असती!

आपल्या धम्माला हे नवे नाही. ग्रहणे आणि नक्षत्रे यांवरून भविष्य सांगून पोट भरणे ही मिथ्या आजीविका आहे, असे ब्रह्मजाल सुत्तात सांगितले आहे. नक्खत्त जातकात एका वऱ्हाडाची गोष्ट आहे. नक्षत्र अशुभ आहे असे ऐकून वरपक्ष ठरल्या दिवशी गेलाच नाही. वाट पाहून वधूपक्षाने मुलगी दुसऱ्या घरी दिली. नक्षत्राने त्यांचे काहीच बिघडवले नव्हते. बिघडवले ते भिण्याने. आणि आज आपल्याच लग्नांत मुलीला मंगळ आहे म्हणून स्थळे परत जात असतील, तर आपण त्या वरपक्षापेक्षा शहाणे कसे?

आता माझी गोष्ट. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण झाले. आमची सून पाच महिन्यांची गरोदर होती. दुपारीच वेध लागले म्हणून घरच्या बायकांनी तिचे जेवण बंद केले आणि विळी दूर ठेवली. मी हे पाहिले आणि गप्प बसलो. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, हे मी विहारात कितीदा शिकवले आहे! ज्ञान होते, पण घरातल्या घरात वाईटपणा घेण्याचे धैर्य नव्हते. रात्री अकराला मी गच्चीवर निघालो तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मीही बघू का?" मला स्वतःची लाज वाटली. तिला वर नेले. तांब्याच्या रंगाचा चंद्र तिने डोळे भरून पाहिला. तिथेच बसून भाकरी खाल्ली. थोड्या वेळाने तिची सासूही वर आली.

भगवान बुद्धांनी धम्माला एहिपस्सिक म्हटले आहे, म्हणजे ये आणि पाहा. पण पाहून घरी परतल्यावर जे आचरणात उतरत नाही, ते पाहणे अपुरे आहे. प्रज्ञेला शीलाची जोड हवी ती याचसाठी. दुर्बीणवाल्यालाही नवा भटजी करू नका. त्याला प्रश्न विचारा, स्वतः पाहा.

२ ऑगस्ट २०२७ रोजी सूर्यग्रहण आहे. ढग नसले तर महाराष्ट्रातून ते खंडग्रास दिसेल. ते उघड्या डोळ्यांनी मात्र पाहू नका. त्यासाठी योग्य चष्मा मिळतो, तो वापरा. खऱ्या धोक्याला जपणे हा विवेक आहे, खोट्या धोक्याला भिणे ही गुलामी. त्या दिवशी आपल्या घरातली चूल विझू देऊ नका. आणि घरात कोणी गरोदर असेल, तर तिचे ताट सर्वांआधी वाढा.

जयभीम!