खोली क्रमांक ६६६

मे १९८२ मध्ये फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्स यांनी हॉटेलच्या एका खोलीत कॅमेरा लावला. खोलीचा क्रमांक ६६६. प्रकटीकरणातील श्वापदाचा अंक! बाजूला दूरचित्रवाणी संच चालू. गोदार, फासबिंडर, स्पीलबर्ग असे दिग्दर्शक एकेकटे आत आले. प्रश्न एकच : चित्रपट ही मरू घातलेली कला आहे काय?

बहुतेकांनी त्या संचाचा विचार केला. वेर्नर हेरझोग यांनी मात्र बूट-मोजे काढले आणि संचच बंद केला. जळत्या झुडपापुढे पायतण काढणारा मोशे आम्हांस आठवला.

श्वापद संचात असते काय? आमच्या शेजारच्या देहूच्या संतावरील प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) पडद्यावरूनच व्हेनिसपर्यंत पोहोचला. साधन निर्दोष असते. प्रश्न वापरणाऱ्याचा असतो.

भोसरी-चाकणच्या घरांतून सायंकाळची रोझरी मावळली, तेव्हा आम्ही व्यासपीठावरून दूरचित्रवाणीला दोष दिला. आता मोबाईलला देतो. परंतु रात्रपाळी करून परतलेला बाप पडद्यापुढे बसतो तो पापासाठी नव्हे, विसाव्यासाठी. त्याच्या पाळीची वेळ आम्ही कधी विचारली? त्याच्या सवडीने प्रार्थनेस त्याच्या घरी गेलो? नाही. दोष देणे सोपे होते, जिने चढणे कठीण.

त्या खोलीत प्रत्येकाला एकट्यानेच उत्तर द्यावे लागले. पापनिवेदनातही तसेच असते. तेथे शेजाऱ्याचे पाप सांगून चालत नाही, संचाचेही नाही. म्हणून आधी आमचेच पायतण काढतो. संच बंद करण्याविषयी मग बोलू.