ठणका थांबला म्हणजे…

म्हैसूरजवळचं नंजनगूड श्रीकंठेश्वराच्या देवळासाठी प्रसिद्ध आहे, तसंच दंतमंजनासाठीही. वैद्य बी. व्ही. पंडित यांनी १९१३ साली तिथं सद्वैद्यशाळा काढली आणि त्यांचं मंजन घरोघरी पोहोचलं.

मंजन असो वा पेस्ट, रोज घासल्यानं दात स्वच्छ राहतात. पण एकदा पडलेला खड्डा घासून भरत नाही. तोंडातले जंतू साखरेवर जगतात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लानं दाताचं वरचं कवच झिजतं. कवचाला संवेदना नसते, म्हणून तेव्हा दुखत नाही. नुसता काळा ठिपका दिसतो. तेव्हाच दंतवैद्याकडे गेलात तर कीड कोरून सिमेंट भरतात, बहुधा एका बैठकीत काम होतं.

आपण मात्र थांबतो. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत जाते, रात्री दाढ ठणकते, लवंग दाबून पहाट काढावी लागते. मग एक दिवस ठणका आपोआप थांबतो आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. मला हीच वेळ सर्वांत धोक्याची वाटते. कारण बहुतेकदा आतली नस मेलेली असते आणि मुळाशी पू धरू लागतो. तेव्हाही रूट कॅनालनं अनेकदा दात वाचतो: जागा बधिर करून खराब नस काढतात, पोकळी धुऊन भरतात, वर टोपी बसवतात.

आणखी एक: हिरड्यांतून रक्त येतं म्हणून मशेरी तर मुळीच लावू नका. ती तंबाखूच आहे. त्याऐवजी दंतवैद्याकडून दातांवरचं किटण काढून घ्या. म्हैसूरच्या जेएसएससारख्या दंत महाविद्यालयांत हे उपचार सहसा कमी खर्चात होतात.