बदलते वारे आणि मोहोरावरचा सौदा

स्तुती त्या अल्लाहची, ज्याच्या आज्ञेने वारे वाहतात, ऋतू पालटतात आणि सुकलेल्या फांदीला पालवी फुटते. दरूद व सलाम त्याच्या अंतिम पैगंबरांवर (स.), ज्यांनी आभाळाकडे पाहून दुआ करायला आणि बाजारात उभे राहून न्याय करायला शिकवले.

बंधुभगिनींनो,

माघ सरून फाल्गुन लागला की आपल्याकडे हवेचा भरवसा उरत नाही. फजरच्या नमाजला शाल हवीशी वाटते, जुहरला त्याच मशिदीत पंखे लावावे लागतात आणि असरच्या सुमारास आभाळ भरून येते. घराघरांत खोकला-पडसे असते. गच्चीवर कुरडया-पापडांचे वाळवण घातलेली माउली दिवसातून चार वेळा वर पाहते. वीटभट्टीवर थापलेल्या कच्च्या विटांचा एका सरीने पुन्हा चिखल होतो. कोकणात कुठे आंबा मोहोरलेला असतो, कुठे वाटाण्याएवढी कैरी धरलेली असते. ढगाळ हवा टिकली की तुडतुडे आणि भुरी त्यावर उतरतात. मराठवाडा-विदर्भात गहू-हरभरा काढणीला आलेला असतो, नाशिककडे द्राक्षांच्या घडांत गोडी उतरत असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट राज्यातील शेतकरी अजून विसरलेला नाही. वर्षभराची मेहनत हाताशी येते, नेमकी तेव्हाच हवा लहरी होते.

अशा दिवसांत आपल्या तोंडून सहज निघते, “हवा बिघडली.” मोमिनाने या शब्दापाशी क्षणभर थांबावे. सूरह अल-बकराच्या १६४ व्या आयतीत अल्लाह तआलाने रात्र-दिवसाच्या पालटण्याबरोबर वाऱ्यांचे फिरणे आणि आकाश व धरती यांच्यामध्ये राबवले जाणारे ढग यांचीही गणना आपल्या निशाण्यांमध्ये केली आहे, आणि या निशाण्या विचार करणाऱ्यांसाठी आहेत असे सांगितले आहे. सूरह अन-नूरच्या ४३ व्या आयतीत गारांचाही उल्लेख आहे: त्या अल्लाह ज्याच्यावर इच्छितो त्याच्यावर पाडतो आणि ज्याच्यापासून इच्छितो त्याच्यापासून वळवतो. मग ज्याला आपण बिघाड म्हणतो, तीही त्याच्याच हुकमाची एक बाजू आहे.

सूरह अर-रूममध्ये तर माणसाच्या मनाचाच ऋतू दाखवला आहे. पावसापूर्वी तो निराश असतो, पाऊस येताच हर्षून जातो, आणि मग एखादा वारा येऊन पीक पिवळे पडलेले दिसले की लगेच कृतघ्न होतो. हवा बदलते ती बदलतेच. प्रश्न हा आहे की तिच्याबरोबर आपले ईमानही बदलते काय?

पैगंबरांचे (स.) वर्तन या बाबतीत आपल्यासमोर आहे. वाऱ्याला शिव्याशाप देण्यास त्यांनी मनाई केली आणि त्यातील भलाई अल्लाहकडे मागण्यास व त्यातील अनिष्टापासून त्याचा आश्रय घेण्यास शिकवले. ह. आयेशा (र.) सांगतात की आभाळात ढग दिसले की पैगंबरांचा (स.) चेहरा बदलत असे, ते आत-बाहेर येरझाऱ्या घालत, पाऊस पडू लागला म्हणजे ती अस्वस्थता जाई. आद या लोकसमूहाने ज्याला पावसाचा ढग समजून आनंद मानला, तो त्यांच्यावरचा अजाब निघाला, याची त्यांना आठवण होई. याचा अर्थ हात बांधून बसावे असा नाही. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला त्यांनी आधी उंट बांधण्यास सांगितले. विटांवर ताडपत्री घालणे, मोहोरावर वेळेत फवारणी करणे, हवामानाचा अंदाज पाहून काढणी करणे हेही उंट बांधणेच आहे.

परंतु बंधूंनो, सब्र आणि तवक्कुलवर बोलून हा विषय संपत नाही. गार पडते ती अल्लाहच्या हुकमाने. त्या गारेचे नुकसान कोणाच्या माथी मारायचे, हे मात्र माणसे ठरवतात. आपली खरी परीक्षा तेथे आहे.

मदीनेतही असेच घडत होते. ह. जैद बिन साबित (र.) सांगतात की लोक झाडावरची फळे विकत घेत आणि तोडणीची वेळ आली, वसुली सुरू झाली की खरेदीदार म्हणत, फळाला रोग पडला, फळ गळाले. भांडणे वाढली, तेव्हा पैगंबरांनी (स.) फळ उपयोगाचे झाल्याचे दिसू लागेपर्यंत सौदा न करण्यास सांगितले. खजुराच्या बाबतीत तांबडी वा पिवळी झाक येणे ही त्याची खूण. कारणही त्यांनी स्पष्ट केले: अल्लाहने फळच रोखले, तर तू आपल्या भावाचा पैसा कशाच्या बदल्यात घेणार?

आज आपल्या गावांत मोहोर पाहूनच बागेचा सौदा होतो. मोहोर म्हणजे आंबा नव्हे. ती आशा आहे, आणि आशेचे वजन काट्यावर होत नाही. आगाऊ रकमेची गरज खरी आहे, हे शरीयत जाणते. म्हणूनच ‘सलम’चा मार्ग खुला आहे: रक्कम आधी द्यावी, पण मालाचा प्रकार, माप वा वजन आणि मुदत निश्चित असावी, आणि तो एखाद्या ठरावीक बागेच्याच फळाशी बांधलेला नसावा. करारापूर्वी आपल्या मसलकाच्या जाणत्या आलिमांना विचारावे.

आणि विकलेल्या फळावर आपत्ती आली तर? ह. जाबिर (र.) यांच्या हदीसनुसार पैगंबरांनी (स.) अशा वेळी रकमेत सूट देण्याचा हुकूम दिला. इमाम मालिक (रह.) यांच्याकडे नुकसान एक तृतीयांशापर्यंत पोहोचले की ही सूट बंधनकारक आहे. हनफी आणि शाफई मसलकांत फळ खरेदीदाराच्या ताब्यात गेल्यावर ती बंधनकारक नसली, तरी पसंत केलेली नेकी आहे. म्हणजे कायद्याने सुटणारा माणूसही नेकीच्या हाकेतून सुटत नाही.

तेव्हा हे पाहावे. बागमालकाने मोहोर गळालेल्या बागेची पूर्ण रक्कम एखाद्या लहान ठेकेदाराकडून कर्जात बुडवून वसूल करू नये. व्यापाऱ्याने आभाळ भरलेले पाहून, घाबरलेल्या शेतकऱ्याचा ठरलेला भाव पाडू नये. भट्टीमालकाने पावसात विरघळलेल्या विटांची मजुरी कापू नये. मजुराने घाम गाळला आहे, आणि घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची शिकवण पावसाचा अपवाद करत नाही. ज्यांच्या पत्र्यावर गार पडली नाही, त्यांनी शुक्र म्हणून शेजाऱ्याच्या पत्र्याची चौकशी करावी.

सूरह अल-बकराच्या १५५ व्या आयतीत भय, भूक, संपत्ती व प्राणहानी यांच्यासोबत फळांच्या हानीनेही परीक्षा घेतली जाईल असे सांगून सब्र करणाऱ्यांना शुभवार्ता दिली आहे. ज्याचे फळ गेले त्याची परीक्षा सब्राची. ज्याचे राहिले त्याची इन्साफाची. या दिवसांत दोघेही एकाच सफमध्ये उभे असतात.

हे अल्लाह, या वाऱ्यांतील भलाई आम्हाला दे आणि त्यांतील अनिष्टापासून आमचे रक्षण कर. आमच्या शेतांत बरकत, आजाऱ्यांना शिफा आणि व्यवहारांत इन्साफ दे. ज्यांचे नुकसान झाले त्यांना उत्तम मोबदला दे आणि आम्हाला त्यांचा आधार बनव. आमीन.