घरचं खरं

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ कॉलेजात असताना वाचलं होतं, तेव्हा त्यातल्या गमती तेवढ्या लक्षात राहिल्या. या उन्हाळ्यात ते पुन्हा हातात घेतलं आणि या वेळी वेगळीच गोष्ट मनाला लागली. देवदत्त टिळकांच्या आग्रहावरून त्यांच्या आईने या आठवणी लिहायला घेतल्या आणि १९३४ पासून त्या भागाभागांनी प्रसिद्ध झाल्या. म्हणजे लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड टिळक यांचा तापट स्वभाव, न सांगता घरातून निघून जाण्याची सवय, हाताशी असलेला पैसा समोरच्या गरजवंताला देऊन मोकळं होणं, १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाल्यावर नवराबायकोची झालेली ताटातूट, हे सगळं एका आईने आपल्या मुलाला त्याच्या वडिलांबद्दल सांगितलेलं आहे. मुलाने ते ऐकून घेतलं आणि लोकांपुढे येऊ दिलं. टिळकांना गुजरून तेव्हा पंधरा वर्षं झाली होती, कवी म्हणून त्यांचं नाव घरोघरी होतं. बाईंनी त्यांचा एकही दोष लपवला नाही. तरी पुस्तक मिटताना टिळकांविषयी माया वाटते, आणि ती त्यांच्या कविता वाचून वाटते त्यापेक्षा जास्त वाटते.

त्यापाठोपाठ बाया कर्वे यांचं ‘माझे पुराण’ मिळवून वाचलं. बाया म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई. लहानपणीच विधवा झालेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. १८९३ मध्ये कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि कर्व्यांच्या गावच्या, मुरुडच्या लोकांनी या जोडप्यावर बहिष्कार टाकला. पुढे कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि त्यात स्वतःला झोकून दिलं. दिवसा कॉलेजात शिकवायचं आणि संध्याकाळी पुण्याहून हिंगण्याच्या आश्रमात चालत जायचं. आपल्या विम्याचे पाच हजार रुपयेही त्यांनी संस्थेच्या नावे करून टाकले. ते कळल्यावर बायांच्या जिवाचं पाणी झालं, कारण पदरी लहान मुलं होती आणि उद्याचा आधार म्हणावा असा तेवढाच पैसा होता. याच बाईंनी नागपूरला जाऊन सुइणीचं शिक्षण घेतलं, संस्थेसाठी वर्गणीही गोळा केली. कर्व्यांचं काम मोठंच होतं. त्याचा खर्च घरात कोण भागवत होतं हे मात्र बायांनी सांगितलं म्हणून आपल्याला कळलं.

हे पुस्तक १९४४ मध्ये निघालं, आणि ते संपादित केलं कावेरी कर्वे यांनी, म्हणजे सुनेने. कर्वे तेव्हा हयात होते, शहाऐंशी वर्षांचे. सासूने सासऱ्यांबद्दल मनातलं सांगावं, सुनेने ते नीट लावून छापावं आणि ज्यांच्याबद्दल ते आहे त्यांनी त्याच घरात असावं! आज किती सुशिक्षित घरांत हे चालेल, याचा मी प्रामाणिकपणे विचार करते आहे.

कारण आमच्या घरी हा प्रश्न अगदी अलीकडे उभा राहिला. माझे सासरे शिक्षक होते. गावातल्या कितीतरी मुलांना त्यांनी फी न घेता शिकवलं, काहींना जेवूखाऊ घातलं. त्यांचे विद्यार्थी आजही भेटले की डोळे पुसतात. त्यांच्या स्मृतिदिनाला नातीने चार शब्द बोलावेत असं ठरलं. मुलगी नववीत आहे, गोष्ट मुळापासून विचारण्याची तिला सवय. ती वही घेऊन आजीजवळ बसली. आजी आधी म्हणाली, देवमाणूस होते. मग हळूहळू म्हणाली, पगार घरात यायचा तो निम्माच, उरलेल्याची तोंडमिळवणी मी दारावरच्या फॉल-पिकोवर करायची. आणि मग, घरी असले की बोलायचे कमी, चिडायचे फार. मुलं ते आले की आतल्या खोलीत जायची.

मुलीने हे सगळं लिहून घेतलं. नणंदेने वही वाचली आणि ती दुखावली. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, आणि लहान मुलांपुढे तर नाहीच, असं तिचं म्हणणं. तिचा राग मला समजतो. वडील आता बाजू मांडायला नाहीत, आणि ती त्यांची लेक आहे. पण त्यांना देवमाणूस ठरवून थांबायचं, तर चाळीस वर्षं मशीनवर वाकून बसलेली बाई आपण त्या गोष्टीतून पुसून टाकतो. ज्या मुलांची जेवणं झाली त्यांच्या पोळ्या कोणी लाटल्या, हे सांगितल्याशिवाय सासऱ्यांच्या औदार्याची गोष्ट पुरी होत नाही. सासूबाई तर समोर बसलेल्या आहेत. गेलेल्याचा मान राखायला जित्या माणसाचं तोंड बंद करणं मला अन्यायाचं वाटतं.

अर्थात खरं सांगण्याच्या नावाखाली घराघरांत जे चालतं ते सगळं खरं नसतं. आपण आया यात विशेष पटाईत असतो. ‘तुझ्या बाबांनी मला कधी विचारलं का?’, ‘तुझ्या आजीने मला काय काय ऐकवलं!’ अशी वाक्यं मुलाच्या कानावर आपण घालतो ती त्याला काही कळावं म्हणून नाही, त्याने आपल्या बाजूला यावं म्हणून. दहा-बारा वर्षांच्या पोराला आईबापांच्या भांडणात पंच करणं हा त्याच्यावर अत्याचार आहे, त्यातला शब्द न् शब्द खरा असला तरी. लक्ष्मीबाई आणि बाया इथे फार वरच्या ठरतात. दोघींनी नवऱ्याचे दोष सांगितले, पण वाचणाऱ्याकडून निवाडा मागितला नाही. लक्ष्मीबाई तर टिळकांइतकंच स्वतःलाही हसतात. ज्या पानावर नवऱ्याचा तिरसटपणा येतो, त्याच्याच मागेपुढे त्याचं लहान मुलासारखं निर्मळ मनही येतं. सासूबाईंच्या बोलण्यातही मला तेच दिसलं. चिडण्याचं सांगून झाल्यावर त्यांनी नातीला सासऱ्यांनी रात्री जागून तपासलेल्या वह्यांबद्दल सांगितलं, तेही तितक्याच जिव्हाळ्याने.

काही गोष्टी सांगायच्या नसतात हेही मी मानते. नणंदेचं दुःख तिचं आहे, ते माझ्या मुलीला सांगण्याचा हक्क मला नाही. सात वर्षांच्या मुलाला जे पेलणार नाही ते पंधराव्या वर्षी सांगावं. पण कधीच सांगायचं नाही असं ठरवलं, तर मुलं मोठेपणाची चुकीची व्याख्या घेऊन वाढतात. मुलग्यांना वाटतं, बाहेर नाव कमावलं की घरी वागण्याला सूट मिळते. मुलींना वाटतं, ही सूट देणं हेच आपलं काम. आपल्याच आजोबांमध्ये औदार्य आणि ताठा दोन्ही होते हे कळलेली मुलगी पुढे माणसं जास्त समजून घेईल, आणि कोणापुढे विनाकारण वाकणार नाही, असा माझा विश्वास आहे. ‘माझे पुराण’ आल्यावर चौदा वर्षांनी कर्व्यांना भारतरत्न मिळालं. बायकोने खरं सांगितल्याने त्यांच्या थोरवीतलं काहीही उणं झालं नाही.

स्मृतिदिनाला मुलगी बोलली. मशीनचं सांगितलं, वह्यांचंही सांगितलं. चिडण्याबद्दल तिने एकच वाक्य ठेवलं, आणि ते आत्याला आधी वाचून दाखवलं. आत्याने ते काढायला लावलं नाही.

तुमच्या घरात वयस्क आई, आजी, आत्या असेल तर या सुट्टीत मुलांना तिच्याजवळ बसवा. लग्न कसं झालं हे तर विचाराच, पण घर कोणाच्या पैशावर चाललं, कोणाचं शिक्षण कशासाठी थांबलं, हेही विचारायला सांगा. ती बोलू लागली की मध्ये तिला दुरुस्त करू नका, आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.