पॅसेजच्या टोकाला दार

रात्रीचा एक वाजला आहे. हडपसर कधीच पुरतं झोपत नाही, पण आता त्याचा आवाज खाली गेला आहे. सोलापूर रस्त्यावर एखादा ट्रक गिअर बदलतो. लांबून रेल्वेचा भोंगा येतो. मगरपट्ट्यातली पाळी संपवून निघालेली कॅब सोसायटीच्या फाटकाशी थांबते, तिचं दार लागतं, ती निघून जाते.

बसा. पाठ टेकवा. दिवा मालवा. टीव्हीचा उजेड तेवढा राहू द्या.

हातात कंट्रोलर आहे. त्याचं वजन जाणवू द्या. डावा अंगठा त्या लहानशा दांडीवर आहे. ती दाबू नका. अंगठा नुसता टेकलेला असू द्या.

एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

समोर एक पॅसेज आहे. घरातला, साधा. भिंतीवर फ्रेम केलेले फोटो. घड्याळात 23:59. कुठेतरी रेडिओ बोलतो आहे. थोडं पुढे गेलं की पॅसेज उजवीकडे वळतो. वळणापलीकडे बाथरूमचं दार. टोकाला आणखी एक दार.

या खेळाचं नाव 'पी. टी.'. हिदेओ कोजिमा या जपानी निर्मात्याने तो 12 ऑगस्ट 2014 रोजी फुकट उपलब्ध करून दिला, पुढे येणाऱ्या 'सायलेंट हिल्स'ची चुणूक म्हणून. तो मोठा खेळ कधी आलाच नाही. हा पॅसेज मात्र राहिला.

त्याच्याकडे पाहा. घाई नाही.

तुम्हाला तो ओळखीचा वाटतो. आपल्या टू बीएचकेतही हॉल संपला की असाच पॅसेज लागतो. बाजूला बाथरूम, टोकाला झोपायची खोली. रात्री पाणी प्यायला उठलात की दिवा न लावता तुम्ही त्यातून जाता. पायांना ते अंतर पाठ आहे.

पडका वाडा आपल्यापासून लांब असतो. हा पॅसेज लांब नाही.

आता अंगठ्याकडे लक्ष द्या.

सिनेमात नायिका दाराकडे जाते. तुम्ही डोळे झाकता, तरी ती जातेच. तिचं जाणं आधीच चित्रित झालेलं असतं. इथे अंगठा थांबला की चालणारा थांबतो. दार जिथल्या तिथे. रेडिओ बोलत राहतो. तुम्ही हलवलं नाही, तर पुढचं पाऊल पडणार नाही, रात्रभर नाही.

हे जाणवतं का? त्या दाराकडे तुम्हाला कुणीही नेत नाहीये. जायचंय ते तुम्हालाच.

तिथेच थांबा. अंगठ्याखाली आलेला किंचित घाम जाणवू द्या.

कुणी अचानक किंचाळलं की माणूस दचकतो. कुकरच्या शिट्टीनेही दचकतो, आणि दुसऱ्या क्षणी हसतो. नुसतं दचकवणारे खेळ पुष्कळ आहेत, मला ते फार थोर वाटत नाहीत. आपल्या भाषेत 'धास्ती' असा एक शब्द आहे. अजून काहीच झालेलं नसतं, तेव्हा जी असते ती धास्ती. चांगला भयखेळ तासन्‌तास धास्तीतच ठेवतो. दचका क्वचित देतो, कधी देतही नाही.

आता डोळे मिटा. फक्त ऐका.

फ्रिजची घरघर. वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची. जिन्यात वॉचमनची काठी. पुन्हा फ्रिज.

1999 साली आलेल्या 'सायलेंट हिल' या आधीच्या खेळात गावभर धुकं आहे. त्या काळच्या प्लेस्टेशनला लांबवरचं दृश्य रंगवणं पेलत नव्हतं, धुक्याने ती उणीव झाकली. नायकाच्या खिशात एक छोटा रेडिओ आहे. काही जवळ आलं की तो खरखरू लागतो. दिसत काहीच नाही. पांढरं धुकं, आणि खरखर.

ती खरखर ऐका. ती वाढते आहे की कमी होते आहे?

कानाला आधी कळतं. डोळ्यांना नंतर. या दोन्हींच्या मधली जी फट आहे, तिच्यात थोडा वेळ बसून राहा.

'पी. टी.'त हातात शस्त्र नाही. चालायचं आणि बघायचं, एवढंच येतं.

चला, आता अंगठा हलवा. हलकेच. एक पाऊल. आणखी एक. उजवीकडे वळण. बाथरूमचं दार मागे पडतं. टोकाचं दार उघडतं.

पलीकडे तोच पॅसेज आहे. तेच फोटो. घड्याळात 23:59.

पुन्हा चाला. पुन्हा तोच पॅसेज. फक्त काहीतरी किंचित बदललेलं आहे. मघाशी बंद असलेलं बाथरूमचं दार आता बोटभर उघडं आहे.

गावाकडची जुनी माणसं याला चकवा म्हणतात. माणूस रात्री पायाखालच्या वाटेने निघतो, चालत राहतो, आणि फिरून त्याच बाभळीपाशी येतो. वाट ओळखीची असते म्हणूनच तो फसतो. आज मगरपट्ट्यात जिथे उंच इमारती आहेत, तिथे पंचवीस-तीस वर्षांपूर्वी शेतं होती, आणि शेतावरून रात्री घरी परतणारी माणसं होती. चकवा लागला तर काय करायचं, हेही जुनी माणसं सांगतात. चालणं थांबवायचं. आहे तिथे बसायचं. उजाडण्याची वाट पाहायची.

बसा तर मग. अंगठा उचला.

पॅसेज समोर आहे. बोटभर उघडं दारही आहे. त्या फटीतल्या काळोखाकडे पाहा. तिथे निर्मात्याने काय ठेवलंय, ते क्षणभर विसरा. तुम्ही काय ठेवलंय, ते पाहा. चेहरा दिसतो का? कुणाचा? सांगू नका कुणाला. फक्त पाहा.

श्वास घ्या. सोडा.

29 एप्रिल 2015 रोजी हा खेळ दुकानातून काढून टाकण्यात आला. ज्यांनी त्याआधी उतरवून घेतला होता, त्यांच्या यंत्रांत तो उरला. आणि ज्यांनी तो खेळला, त्यांच्या घरांतल्या पॅसेजमध्ये.

आता कंट्रोलर खाली ठेवा. टीव्ही बंद करा. अंधाराला डोळे सरावू द्या.

उठा. हॉल ओलांडा. पॅसेजच्या तोंडाशी उभे राहा. बाजूला बाथरूम, टोकाला झोपायची खोली. अंतर पायांना पाठ आहे. तरी आज पावलं मोजत जा, सावकाश.

आणि दिवा लावावासा वाटला, तर जरूर लावा.