रामा शेट्टी, महाराणी आणि नगरचे तात्या

एका जळालेल्या माणसाचा जबाब हाती घेऊन सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर रामा शेट्टीला अटक करायला त्याच्या घरी जातो. अशा वेळी काय होतं, हे हिंदी सिनेमाने प्रेक्षकाला शिकवून ठेवलेलं होतं: आरडाओरडा, मारामारी, गुंडांची पळापळ. ‘अर्धसत्य’मध्ये यातलं काही होत नाही. शेट्टी एक फोन लावतो. पलीकडचा वरिष्ठ अधिकारी वेलणकरला परत फिरायला सांगतो आणि वेलणकर परत फिरतो. आवाज न चढवता, जागचं फारसं न हलता सदाशिव अमरापूरकरांनी तेवढ्या प्रसंगात सगळा कारभार उघडा करून दाखवला. १९८३ सालच्या मुंबईत पोलीस ठाणं, पैसा आणि निवडणूक यांची गाठ कुठे बसली होती, ते त्या माणसाच्या बसण्याबोलण्यातून कळत होतं.

चरित्र अभिनेत्याची खरी परीक्षा इथे असते. नायकाला तीन तास मिळतात. त्याचं बालपण, प्रेम, अपमान, सगळं आपण पाहतो. चरित्र अभिनेता मधेच कुठेतरी येतो आणि चार-पाच प्रसंगांत जातो. तेवढ्या वेळात त्याला नुसता एक माणूस उभा करून भागत नाही, तो माणूस ज्या व्यवस्थेतून आला तिचीही जाणीव द्यावी लागते. श्री. दा. पानवलकरांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि समोर ओम पुरी, हे बळ अमरापूरकरांच्या पाठीशी होतं, हे खरंच. पण शेट्टीची ती थंड सहजता लिहून येत नाही. ती नटानेच आणावी लागते.

ती आली अहमदनगरच्या हौशी रंगभूमीवरून. ११ मे १९५० रोजी जन्मलेल्या या माणसाचं मूळ नाव गणेशकुमार नरवडे. ‘सदाशिव’ हे त्यांनी रंगभूमीसाठी घेतलेलं नाव आणि जवळच्यांसाठी ते तात्या. पुणे विद्यापीठातून त्यांनी इतिहासात एम.ए. केलं होतं. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांच्या ‘२२ जून १८९७’ या १९७९ च्या चित्रपटात ते लोकमान्य टिळक झाले. नंतर ‘हॅण्ड्स अप’ हे विनोदी नाटक गाजलं आणि ‘अर्धसत्य’चे दिग्दर्शक गोविंद निहलानी यांनी त्यांना या नाटकात पाहिलं. विनोदी नाटकातल्या नटात थंड डोक्याचा दादा दिसणं ही दिग्दर्शकाची नजर. त्या काळी मराठी नाटकं पाहायला हिंदीतले दिग्दर्शक येत होते, हेही तितकंच महत्त्वाचं. नगर, सांगली, सोलापूर अशा गावांत कामावरून सुटल्यावर तालमी करणाऱ्या मंडळींनी हिंदी पडद्याला किती नट पुरवले, याचा हिशोब मराठी नाट्यसृष्टीने अजून नीट मांडलेला नाही.

शेट्टीसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं आणि तिथून एक चमत्कारिक प्रवास सुरू झाला. ‘आखरी रास्ता’ (१९८६), ‘हुकूमत’ (१९८७), ‘ऐलान-ए-जंग’ (१९८९)... भूमिका वाढत गेल्या, तसा खलनायकाचा आवाजही वाढत गेला. शेट्टीकडून हिंदी सिनेमाने भीती तेवढी उचलली. ती भीती ज्या समजुतीतून आली होती ती मागेच ठेवली. शेट्टी भयंकर वाटतो, कारण तो शेजारच्या वॉर्डातून निवडणूक लढवू शकतो. ‘हुकूमत’मधला त्यांचा खलनायक डीबीओ कुठल्याच वॉर्डात राहत नाही. त्याला गाव नाही, धंद्याची रीत नाही, भोवती समाज नाही. नायकाने शेवटी ज्याला मारायचं, तो हा माणूस. याचा दोष अमरापूरकरांना देणं अन्यायाचं होईल. संवाद उंच पट्टीत लिहिलेले, कॅमेरा डोळ्यांवर रोखलेला आणि गल्ल्याला तेच हवं. अशा वेळी नट एकटा किती संयम पाळणार? तरीही एवढं म्हणायला हवं की त्या वर्षांत त्यांच्याकडे जे होतं, त्याचा फार थोडा भाग वापरला गेला.

तो साठा किती मोठा होता, याचा पुरावा त्याच वर्षांतला आहे. १९८८ साली दूरदर्शनवर श्याम बेनेगलांची ‘भारत एक खोज’ ही ५३ भागांची मालिका सुरू झाली. तिच्यात महात्मा फुल्यांवर एक भाग होता आणि त्यात जोतिराव झाले होते अमरापूरकर. एका बाजूला ‘हुकूमत’, दुसऱ्या बाजूला ‘ऐलान-ए-जंग’ आणि मधे फुले! ज्या ठामपणाने शेट्टी समोरच्याला गप्प बसवतो, तोच ठामपणा इथे गप्प बसवलेल्यांच्या बाजूने उभा राहतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही भूमिका नुसती पगडी-उपरण्याची वाटली नसणार. टिळक आणि फुले या दोघांनाही पडद्यावर उभं करणारा नट हा महाराष्ट्राच्या दृष्टीने लहान विषय नव्हे. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राचे दोन प्रवाह एका माणसाच्या आवाजातून गेले आणि आपण त्याला ओळखत राहिलो ते मात्र ‘सडक’वरून.

‘सडक’ (१९९१) टाळून चालणार नाही. महेश भट्ट यांच्या या चित्रपटात कुंटणखाना चालवणारी महाराणी ही तृतीयपंथी व्यक्तिरेखा अमरापूरकरांनी केली. फिल्मफेअरने खलनायकी भूमिकेसाठी वेगळा पुरस्कार सुरू केला आणि पहिला मान याच भूमिकेला मिळाला. नट म्हणून त्यांनी पत्करलेली जोखीम मोठी होती. रुळलेला खलनायक सोडून असं काही करताना हसू होण्याची भीती असते. हसू झालं नाही. थिएटरात माणसं खरोखर घाबरली. पण आज तो चित्रपट पाहताना दुसरी बाजूही डोळ्यांआड करता येत नाही. लोकप्रिय हिंदी सिनेमात ज्या समाजाला जागा मिळत होती ती टिंगलीपुरती, त्याला पहिल्यांदा एवढी मोठी भूमिका मिळाली ती क्रौर्याची. तृतीयपंथीयांना कायदेशीर ओळख देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एप्रिल २०१४ मध्ये आला. त्याआधीच्या किमान एका पिढीच्या मनात महाराणी घट्ट बसलेली होती. अभिनय उत्तम आणि प्रतिमा घातक, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. अमरापूरकरांविषयीच्या आदरापोटी यातलं दुसरं गाळणं त्यांनाच रुचलं नसतं, असं त्यांचं बाकीचं आयुष्य पाहून वाटतं.

नव्वदच्या दशकात खलनायकाची मागणी ओसरली आणि ते विनोदाकडे वळले. ‘आँखें’ आणि ‘कुली नं. १’ लोकांना आवडले, ‘कुली नं. १’मधला लग्न जुळवणारा शादीराम तर झकास जमला होता. ‘वास्तुपुरुष’सारख्या मराठी चित्रपटात ते दिसले की मोकळा श्वास घेतल्यासारखे वाटत.

बाकीचं आयुष्य म्हणजे चळवळीतलं. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. नरेंद्र दाभोलकर या मंडळींनी उभ्या केलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसा गोळा करायला अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग झाले, त्यात अमरापूरकर होते. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना घर चालवण्यापुरतं मानधन मिळावं, ही त्या निधीमागची कल्पना. तिकिटाला रांग लागत होती ती सिनेमातल्या चेहऱ्यांमुळे. पडद्यावर ज्याला पाहून लोक शिव्या घालत, त्याच चेहऱ्याच्या जोरावर खेड्यापाड्यांतल्या कार्यकर्त्यांची चूल पेटत होती. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातही ते वर्षानुवर्षं सोबत राहिले. नट आणि कार्यकर्ता हे त्यांचे दोन वेगळे कप्पे मानायची आपल्याकडे सवय आहे, पण ते एकच आहेत. सत्ता माणसाला कशी वाकवते हे चळवळीतल्या माणसाला रोज दिसतं. रामा शेट्टीचा तो फोन ज्याने असा सहज उचलला, त्याला त्या फोनची ताकद बाहेर ठाऊक असणारच.

मार्च २०१३. महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता. होळीच्या दिवशी वर्सोव्यात राहत्या भागात पाण्याची उधळपट्टी चाललेली पाहून त्यांनी विरोध केला, तर जमावाने त्यांना मारहाण केली. तेव्हा ते साठी ओलांडलेले होते. मराठवाड्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बायकांची बाजू मुंबईत एकट्याने मांडणारा हा माणूस बातम्यांत दोन दिवस राहिला.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांत ‘बॉम्बे टॉकीज’ प्रदर्शित झाला. त्यातल्या दिबाकर बॅनर्जींच्या ‘स्टार’ या लघुपटाचा आधार सत्यजित राय यांची कथा आहे. नवाजुद्दीन सिद्दिकीचा पुरंदर हा मुंबईच्या चाळीतला फसलेला नट. त्याला शूटिंगवर अचानक काम मिळतं, तेही नायकाला धक्का देऊन जाणाऱ्या वाटसरूचं. तो बाजूला जाऊन तालीम करू लागतो, तेव्हा त्याचा दिवंगत नाट्यगुरू समोर येऊन त्याला फैलावर घेतो. तो गुरू म्हणजे अमरापूरकर. एवढ्याशा कामासाठी एवढी तालीम कशाला, हा प्रश्न त्या गुरूला पडत नाही. तीस वर्षांत हिंदी सिनेमाने त्यांना क्वचितच असा माणूस दिला होता, जो त्यांच्या नगरच्या तालमींच्या इतका जवळचा होता. ३ नोव्हेंबर २०१४ रोजी, फुफ्फुसाच्या संसर्गाशी झुंज देत, मुंबईत ते गेले. अंत्यसंस्कार नगरला झाले.